हलव्याचे दागिने आणि एक रिकामा डबा

वेंटवर्थव्हिलच्या श्यामलाच्या डीप फ्रीझरमध्ये एकोणीस पुरणपोळ्या, दोन किलो अनारशांचं पीठ, चार घरच्या चार चवींच्या करंज्या आणि कुणीतरी प्रेमाने केलेलं, पण कुणालाच न आवडलेलं दुधीहलव्याचं आइस्क्रीम होतं. ही तिची गेल्या तीन वर्षांची कमाई. कला विकून माणसाला काय मिळतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने फ्रीझर उघडून दाखवला असता.

श्यामला संक्रांतीचे हलव्याचे दागिने करायची. नव्या नवरीला काळ्या साडीवर घालायचा हार, तन्मणी, बाजूबंद, वाक्या, नथ. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. बाजारातला हलवा आणून दोऱ्यात ओवणारे पुष्कळ असतात. ही बाई हलवाही स्वतः करायची. परातीत तीळ घ्यायचे, मंद आचेवर एकेक चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. चार-पाच दिवस असं केलं की दाण्यावर काटा येतो. पण काटा यायला लागते थंडी, आणि सिडनीत संक्रांत येते ऐन उन्हाळ्यात, चाळीस अंशांत. म्हणून श्यामला हलवा करायची जुलैत, डबे हवाबंद करून ठेवायची आणि डिसेंबरमध्ये दागिने बांधायला बसायची. सहा महिने आधी संक्रांत करणारी अख्ख्या ऑस्ट्रेलियात ती एकटीच असावी.

हे सगळं चालायचं घराच्या मागच्या खोलीत. खोलीला वेगळा एसी होता, हवा कोरडी ठेवणारं मशीन होतं आणि उंबऱ्यावर मुंग्यांसाठी खडूची जाड रेघ होती. आठवड्यातले तीन दिवस श्यामला वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचपट्ट्या तपासायची. उरलेल्या दिवशी ती या खोलीत असायची आणि तिथे ती फार सुखी असायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण चाळिशी उलटल्यावर माणसाला एक दार लागतं, जे लावून घेतलं की आतलं सगळं आपलं असतं. तिचं ते दार होतं.

गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती श्यामलाच्या तोंडात एका आकड्याची. कुणी विचारलं, "श्यामला, किती द्यायचे गं?" की तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि त्यातून बाहेर पडायचं, "राहू दे गं, घरचंच तर आहे." दागिने जायचे स्टीलच्या डब्यातून, म्हणजे दाबले जात नाहीत. आणि डबा परत यायचा भरून. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. त्यामुळे तीस तास खपून बांधलेल्या हाराच्या बदल्यात कधी बारा करंज्या यायच्या, कधी पावशेर चिवडा. चिवडा बरा असायचा, हेही सांगायला हवं.

गंमत म्हणजे तिचा नवरा श्रीनिवास पोटासाठी भाव काढायचंच काम करत होता. इमारत बांधायच्या आधी तिला किती विटा, किती सळया, किती माणसं आणि किती डॉलर लागतील ते शेवटच्या खिळ्यापर्यंत सांगायचं, ही त्याची नोकरी. एका रविवारी त्याने हौसेने श्यामलाच्या हाराचाही अंदाज काढला. साखर, तीळ, गॅस, जरीचा दोरा, एसीची वीज आणि मजुरी धरून आकडा आला अकराशे चाळीस डॉलर.

"अकराशे?" श्यामला किंचाळली. "साखरेच्या हाराला? अरे, तेवढ्यात खरे झुमके येतील!"

"मग निम्मे सांग."

"निम्मे म्हणजे तरी किती होतात! माणसं काय म्हणतील?"

"माणसं काय म्हणतील याची लाइन माझ्या शीटमध्ये नाही," श्रीनिवास म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

पण या वर्षी गोष्ट गमतीची राहिली नव्हती. थोरला शौनक वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत गेला, तिथे त्याची खोली घ्यावी लागली आणि श्रीनिवासची शीट लाल झाली. त्यातच वेस्टमीडला संशोधनासाठी आलेला सारंग नावाचा मुलगा घर शोधत होता. मागच्या खोलीचे आठवड्याला साडेतीनशे द्यायला तो तयार होता. एक जानेवारीला, सगळे चहा पीत असताना, श्रीनिवासने विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याने स्वतःच्या हाताने चहात दुसऱ्यांदा साखर घातली, यावरून तो किती अवघडला होता ते कळावं.

"श्यामला, एक महिना देऊ या. खोलीने एक महिन्याचं स्वतःचं भाडं कमवून दाखवलं, चौदाशे, तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर एक फेब्रुवारीला सारंग येईल. फेअर?"

"मम, जस्ट से द नंबर," सतरा वर्षांची तनया फोनमधून डोकं न काढता म्हणाली. "इट्स नॉट दॅट हार्ड."

"तुला काय कळतंय," श्यामला म्हणाली. चौदाशे डॉलर फार नव्हते. ते मागायला जे तोंड लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

सात जानेवारीला त्या तोंडातली एक दाढही गेली.

झालं असं की जुलैचा हलवा सादळला तर नाही ना, हे बघायला तिने एक टपोरा दाणा दाढेखाली धरला. कडकन आवाज आला. आधी तिला आनंदच झाला: सहा महिन्यांनीही हलवा इतका खुटखुटीत! मग जिभेला दाढेचा तुकडा लागला.

दातांच्या डॉक्टर नरेलचा दवाखाना वेस्टमीड स्टेशनपासून चार पावलांवर होता. श्यामला तशीच निघाली. जाता जाता सुचित्राकडे द्यायचा डबाही तिने पिशवीत टाकला. सुचित्रा म्हणजे मंडळाची सर्वेसर्वा. दर संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये नवरीचा एक सेट मांडायला हवा असायचा, आणि तो श्यामलाने द्यायचा असा रिवाज पडून गेला होता. सुचित्रा म्हणायची, "अगं, तेवढीच तुझी पब्लिसिटी." तीन वर्षं पब्लिसिटी झाल्यावर श्यामलाला आणखी सहा जणींकडून फुकट दागिन्यांच्या ऑर्डरी आल्या होत्या.

"कशाने तुटली?" नरेलने दिवा डोळ्यांवर आणत विचारलं. अर्थात इंग्रजीत, नरेलला मराठी कुठून येणार.

श्यामलाने डबा उघडून गुन्हेगार दाखवला. काळ्या मखमलीवर पांढराशुभ्र हार होता, प्रत्येक दाण्यावर बारीक काटा आणि मधे जरीचं पदक. नरेलने मास्क खाली केला.

"हे तू केलंस? साखरेचं? हाताने?" मग ती मोठ्याने हसली. "माझ्या बहिणीला दाखवायलाच हवं. लिंडल वॉलॉंगॉंगला लग्नाचे केक करते. आमच्या घरात ती लोकांचे दात पाडते आणि मी बसवते. सगळं घर साखरेवर चाललंय, मेट." तिने फोटो काढून पाठवला आणि श्यामलाच्या जबड्यात इंजेक्शन दिलं. "दहा मिनिटं थांबू. नो वरीज."

दहा मिनिटांत श्यामलाची जीभ, अर्धा ओठ आणि हनुवटी तिला सोडून गेली. तोंडात कापसाच्या गुंडाळ्या बसल्या, जबडा उघडा ठेवायला रबराचा ठोकळा बसला. आणि नेमका तेव्हाच लिंडलचा फोन आला. नरेलने तो स्पीकरवर ठेवला.

"हा हार कुणी केलाय?" लिंडलचा आवाज खोलीभर झाला. "असे काटे हाताने काढणारं आता कुणी राहिलेलं नाही! मला असे हार केकवर सोडायला हवेत. कापायच्या आधी उतरवून नवरीच्या गळ्यात घालता येतील. विचार तिला, एकाचे किती?"

श्यामलाचं तोंड सवयीने म्हणू लागलं, राहू दे हो, घरचंच तर आहे. बाहेर आलं, "आऊ ए ओ."

"काय म्हणाली?"

"ती बोलू शकत नाहीये," नरेल म्हणाली. "मी बधिर केलंय तिला. तू आकडा सांग, ती मान हलवेल."

"दोनशे?"

श्यामला दचकली. एका हाराला दोनशे! तिच्या मनात कधी, अगदी धाडस करून, चाळीसपर्यंत विचार आला होता. छे छे, फार होतात, असं सांगायला तिने जोरात नकारार्थी मान हलवली.

"नाही म्हणतेय," नरेल म्हणाली.

"बरं, अडीचशे?"

आता श्यामलाने दोन्ही हात हलवले. अहो, गैरसमज होतोय!

"हातही हलवतेय. तिला अपमान वाटतोय बहुतेक, लिंडल."

"अगं बाई. तीनशे?"

श्यामलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण एका परक्या बाईला लुबाडतोय आणि थांबवता येत नाहीये, या विचाराने तिला घाम फुटला.

"लिंडल, ती रडतेय."

"साडेतीनशे! आणि प्रत्यक्ष बघितल्याशिवाय याच्यावर एक सेंटही नाही."

श्यामला खुर्चीत दगडासारखी बसली. आता बोट जरी हललं तरी चारशे होतील, एवढं तिला कळलं होतं.

"थांबली," नरेल समाधानाने म्हणाली. "साडेतीनशे चालतील असं दिसतंय."

दाढेवर तात्पुरती टोपी बसवून श्यामला बाहेर पडली तेव्हा हारासकट डबा नरेलकडेच राहिला होता. शनिवारी ती बहिणीकडे जाणार होती, तेव्हा नमुना म्हणून नेणार होती. श्यामलाने सुचित्राला मेसेज केला की या वर्षी मंडळाला सेट देता येत नाही. सुचित्राचा लगेच फोन आला, "अगं पण मी पोस्टरवर टाकलंय!" श्यामला म्हणाली, "आऊ ए ओ," आणि आयुष्यात पहिल्यांदा सुचित्राने तिच्याआधी फोन ठेवला.

घरी ही हकीकत ऐकून तनया सोफ्यावर उठून बसली. "मम, यू आर अ शार्क!"

"शार्क कसली, मला लाज वाटतेय. उद्या जाऊन सांगते की साठ पुरे."

"तू काहीही सांगणार नाहीस," श्रीनिवास म्हणाला. "तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या वस्तूला भाव मिळालाय, कारण पहिल्यांदा तू गप्प बसलीस."

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाले. मंडळाच्या हॉलमध्ये पोस्टरवर हार होता आणि टेबलावर नव्हता, याबद्दल सुचित्रा तिच्याशी गोड बोलली, पण तुटकपणे. दुसऱ्या दिवशी नरेलच्या रिसेप्शनवरून मेसेज आला: तुमचा डबा आला आहे, घेऊन जा.

श्यामला लॅबमधून परस्पर तिकडे गेली. काउंटरवरच्या मुलीने डबा पुढे केला. श्यामलाने तो हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. डबा हलका होता. तिने जरा हलवून पाहिला. आवाज नाही.

हे डब्यांचं शास्त्र आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही. डबा हातात आला की वजनावरून कळतं, आत लाडू आहेत की पोहे. आणि काहीच नसेल तर आणखीही बरंच कळतं. अगदी अडीअडचणीच्या घरातून परत आलेल्या डब्यातही चिमूटभर साखर असते. रिकामा डबा म्हणजे संबंध संपला. आणि इथे तर डबा रिकामा होताच, वर नमुन्याचा हारही त्यांनी ठेवून घेतला होता.

ट्रेनमध्ये बसून ती धुमसत राहिली. डबा इतका लख्ख घासला होता की त्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं. घरी येऊन तिने तो न उघडताच स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, इडलीपात्राच्या मागे ढकलून दिला.

"काय झालं?" श्रीनिवासने विचारलं.

"नको म्हणाले. रिकामा डबा पाठवला. बोलाव तुझ्या त्या मुलाला खोली बघायला."

श्रीनिवासला खरंच वाईट वाटलं. तरी त्याने सारंगला मेसेज केला.

सारंग शनिवारी आला. सभ्य मुलगा होता. त्याने टेबल मावेल का ते टेपने मोजलं, एसीची तारीफ केली आणि विचारलं, "काकू, या दारातल्या रेघेचा काही धार्मिक अर्थ आहे का?" श्यामलाने त्याला मुंग्यांचं सांगितलं आणि सहा पुरणपोळ्या बांधून दिल्या. तो गेल्यावर ती खोलीत एकटीच बसली. उरलेल्या हलव्याचे डबे गॅरेजमध्ये ठेवले तर दोन दिवसांत त्यांचं पाणी होईल, हे तिला दिसत होतं. मग पुढच्या जुलैत परात कुठे मांडायची? ती रडली. लोक फुकट मागतात म्हणून नव्हे. आपल्याला मागता येत नाही म्हणून.

बावीस तारखेला पक्की दाढ बसवायला ती नरेलकडे गेली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण तात्पुरत्या टोपीवर माणूस किती दिवस काढणार? या वेळी इंजेक्शन लागलं नाही. दाढ बसवून झाली आणि नरेल घसा खाकरून म्हणाली, "हे बघ, तुझा नंबर माझ्या फायलीत आहे, पण पेशंटचा नंबर बहिणीला देता येत नाही, म्हणून मी गप्प बसले. पण लिंडल फार काळजीत आहे. तू काहीच कळवलं नाहीस. तिला वाटतंय साडेतीनशेवर तू रागावलीस. ती म्हणते, चारशे देईन, पण त्याच्या वर खरंच नाही परवडणार."

"पण तिने तर डबा..." श्यामला म्हणाली.

"हो, डब्यात चिठ्ठी आहे ना. झाकणाला चिकटवलेली. उडून जाऊ नये म्हणून."

श्यामला तिथून घरी कशी आली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. स्टुलावर चढून इडलीपात्र बाजूला सारलं, डबा काढला, झाकण उघडलं. आत निळ्या शाईत, टेपने चारी बाजूंनी चिकटवलेली चिठ्ठी: हार अप्रतिम आहे, नमुना दुकानात लावलाय, त्याचेही पैसे जोडशील ना? फेब्रुवारीतल्या लग्नांसाठी आणखी दोन हवेत. तीस तारखेपर्यंत जमेल? खाली फोन नंबर. सात दिवस ती चिठ्ठी इडलीपात्रामागे उलटी लटकत होती.

स्टुलावर उभी राहूनच तिने हाका मारल्या. श्रीनिवास आणि तनया धावत आले. चिठ्ठी वाचून श्रीनिवास खाली बसला आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

"यात हसण्यासारखं काय आहे? मला वाटलं, संबंध तोडून टाकला त्यांनी."

"अगं, वीस वर्षं नोकरी केली मी. एकाही बिल्डरने मला आजवर अनारसे पाठवले नाहीत. पगार मात्र दर पंधरा दिवसांनी येतो. भरलेला डबा नातेवाईक परत करतात, श्यामला. गिऱ्हाईक रिकामाच करतं. तुला आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक भेटलं आणि तू त्याला इडलीपात्रामागे टाकलंस."

"वॉश्ड अँड एव्हरीथिंग," तनया म्हणाली. "दॅट्स सो प्रोफेशनल."

त्यानंतरचा आठवडा मागच्या खोलीचं दार बंद होतं. श्यामलाने लॅबमधून दोन दिवस सुट्टी घेतली. जुलैतला सगळ्यात टपोरा हलवा काढला आणि दाण्यादाण्याला गाठ मारत दोन हार बांधले. एकोणतीस तारखेला पिकनिकच्या आइसबॉक्समध्ये हार ठेवून ती ट्रेनने वॉलॉंगॉंगला गेली. शौनक स्टेशनवर आला होता. आईने आपल्यासाठी खाऊ आणलाय असं समजून त्याने आइसबॉक्स उघडला आणि ओरडा खाल्ला. लिंडल नरेलहून दुप्पट मोठ्याने हसणारी निघाली. नमुन्यासकट तीन हारांचे बाराशे तिने तिथल्या तिथे पाठवले, आणि श्यामलाचं तोंड "पण साठ..." म्हणायच्या बेतात असताना शौनकने तिला कोपर मारलं.

उरले दोनशे. हाताशी दोन दिवस.

तीस तारखेला दुपारी बेल वाजली. दारात सुचित्रा, हातात डबा. तो जड होता, हे श्यामलाला तिच्या मनगटावरूनच दिसलं.

"गुळपोळ्या," सुचित्रा आत येत म्हणाली. "आणि हे बघ, मी रागावलेबिगावले नाहीये हां. अगं, निहारिकाच्या रुद्रचं बोरन्हाण करायचंय. रथसप्तमीपर्यंत चालतं ना? रविवार धरलाय. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद. तुझ्याकडे तयार असेलच."

निहारिका ही सुचित्राची लेक, आणि रुद्र नातू. सेट तयार होता. श्यामलाने तो मागून आणून टेबलावर मांडला. बासरीवर वेलबुट्टी होती, खसखशीवर चढवलेल्या इवल्या दाण्यांची. त्यातच अकरा तास गेले होते. सुचित्राने ती हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले. रुद्रचं नावच पुरायचं तिला.

"किती गोड गं. किती द्यायचे?"

श्यामलाचं तोंड उघडलं. ‘राहू दे’ जिभेच्या टोकावर हजर होतं. आणि ही सुचित्रा होती. बावीस वर्षांपूर्वी श्यामला या देशात आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात स्वतःचा कुकर आणून देणारी. तिच्याकडून पैसे? तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "दोनशे एक."

मग तिने नव्या दाढेवर दाढ दाबून तोंड घट्ट मिटून घेतलं. इंजेक्शन नव्हतं; जे करायचं ते आपलं आपण करायचं होतं.

"दोनशे एक," सुचित्रा म्हणाली. "डॉलर?"

श्यामला गप्प.

"नाही, म्हणजे मंडळाला जसं आपण..."

श्यामला गप्प. फ्रीज घरघरत होता. तिच्या डोळ्यांत पाणी जमा होऊ लागलं होतं, पण ओठ हलले नाहीत.

सुचित्राने बासरी खाली ठेवली. खुर्ची ओढून बसली आणि तिने एक मोठा सुस्कारा सोडला.

"सुटले गं बाई."

"काय?" श्यामलाच्या तोंडून निसटलंच.

"अगं, तीन वर्षं विचारतेय मी, किती द्यायचे. तू दर वेळी म्हणतेस, राहू दे. मग मी काय करायचं? फुकट कसं घ्यायचं? बसते गुळपोळ्या लाटत. तुला काय वाटतं, मला हौस आहे? मागच्या वर्षी तुझ्या त्या तन्मणीसाठी मी चाळीस करंज्या तळल्या. दोन दिवस कंबर धरून बसले होते. निहारिका म्हणाली, आई, दुकानातून दागिने मागव, स्वस्त पडतील!" तिने पर्समधून फोन काढला. "पैसे पाठवायला पे-आयडी काय तुझा? आणि पुढच्या वर्षीचा मंडळाचा सेट, त्याचंही सांगून ठेव. आधी बजेटमध्ये टाकायला लागतं."

श्यामला हसायला लागली आणि रडायलाही. मग दोघींनी मिळून चार गुळपोळ्या संपवल्या. त्या जरा कडक झाल्या होत्या, आणि सुचित्रानेच ते कबूल केलं.

संध्याकाळी श्रीनिवासने फोनवर रक्कम बघितली. "चौदाशे एक. हा वरचा एक डॉलर कसला?"

"शुभ असतो."

"कुठल्या शीटमध्ये?"

"माझ्या," श्यामला म्हणाली. श्रीनिवासने सारंगला फोन करून माफी मागितली आणि त्याला दुसरी खोली मिळेपर्यंत रोज जेवायला बोलावलं. फ्रीझर रिकामा व्हायला तेवढीच मदत.

सोमवारी सकाळी कामावर जायला दार उघडलं, तर पायरीवर श्यामलाचा डबा ठेवलेला होता, ज्यातून सुचित्रा रुद्रचा सेट घेऊन गेली होती. तिने उचलला. हलका. हलवून पाहिला. आवाज नाही. या वेळी तिने कुठलंही अनुमान न काढता आधी झाकण उघडलं, आणि झाकणाची आतली बाजूही बघून घेतली.

झाकण कोरं होतं. तळाशी चिमूटभर साखर होती. पैसे दिले तरी अगदी रिकामा डबा परत करणं काही सुचित्राला जमलं नव्हतं. श्यामलाने ती साखर बोटाने टिपून खाल्ली, नव्या दाढेच्या बाजूने, आणि ट्रेन पकडायला निघाली.